पहिली कात्री

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता मिथुन हिवराळेचा हात थांबला. माय काही विशेष बोलली नव्हती. सकाळी ती एकटीच रिक्षा करून जुन्या जालन्यातल्या त्याच्या नव्या दुकानात जाऊन आली होती, पोलक्याला कापड आणायला. आता त्याच्या ताटात कांद्याची फोड ठेवत ती म्हणाली, "दुकान झ्याक दिसून राह्यलं तुझं. मी बसले जरासं दारात. बोहनी झाली, मंग घेतलं कापड." एवढं बोलून ती मिठाची वाटी आणायला आत गेली. बाहेर कॉलनीत कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली, सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. मिथुनने मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. ती परत आल्यावर त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, "दारात कामून बसली, माय?" "पाय दुखत व्हते," ती म्हणाली. "आत्ता तर म्हनली, बोहनी व्हायची व्हती." "ते बी व्हतंच की," असं म्हणून त्याची आई बेबीनंदाबाई हसल्या आणि त्यांनी आमटीचं पातेलं पुढे सरकवलं.

एका बसण्याला दोन कारणं. मिथुनने ती दोन्ही मनात बाजूबाजूला ठेवली. तो संशयी माणूस आहे, हे जालन्याच्या बाजारात कुणालाही विचारा. पेरू घ्यायचा तर तो देठाकडून हुंगेल, ओळखीच्या माणसाची सहीसुद्धा उजेडात धरून बघेल, आणि कुणी फार गोड बोललं तर त्या दिवशी त्याला झोप येणार नाही. या संशयावरच त्याने दुकानांची रांग उभी केली असं लोक म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. भोकरदन, परतूर, अंबड, मंठा, जिथे जिथे एसटी थांबते तिथे तिथे आता 'दीपमाला'ची पाटी आहे. दीपमाला त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव. गिऱ्हाइकांना ती देवळापुढची दीपमाळ वाटते, ते भक्तिभावाने पाटीकडे बघतात, आणि मिथुनने आजवर कुणाची समजूत दुरुस्त केलेली नाही. दुकानात त्याने कुठलाच फोटो लावला नाही, ना देवाचा, ना बुद्धाचा, ना बाबासाहेबांचा. गल्ल्यामागची भिंत कोरी पांढरी ठेवली. शहरातल्या मोठ्या दुकानांत असंच असतं, असं तो सांगतो. त्या कोऱ्या भिंतीकडे बघून कोण काय ओळखतं, याचा अंदाज घेत तो इतकी वर्षं गल्ल्यावर बसला.

जेवण अर्धं टाकून तो गच्चीवर गेला आणि फोनमध्ये नव्या दुकानाचा आतून दाराकडे रोखलेला कॅमेरा लावला. प्रत्येक दुकान त्याच्या खिशात असतं, हवं तेव्हा मागे फिरवून बघता येतं. फक्त आवाज नसतो. सकाळचं चित्र आलं. शटर वर गेलं होतं, पायल नावाची मुलगी काउंटर पुसत होती. मग चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं लुगडं दिसलं. माय उंबऱ्याबाहेर थांबली होती. आतून कल्याण आला, दुकानाचा मॅनेजर. कॅमेरा त्याच्या डोक्यामागे होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ आणि वर उचललेला उजवा हात. हात पुढे झाला, तळवा जरा वाकडा झाला, खाली आला. माय काहीतरी बोलली. हात पुन्हा वर झाला. माय पुन्हा बोलली. मग कल्याण आत गेला आणि कापड वरून काढायला चढायचा तो लाकडी स्टूल घेऊन आला. त्याने तो दाराबाहेर, पायपुसण्याच्या शेजारी ठेवला, आणि माय त्यावर बसली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मिथुनने चित्र थांबवलं. असंच बसायची ती. तेव्हा स्टूल नव्हता, एवढाच फरक.

तेव्हा दगडाची पायरी होती. झुंबरशेठच्या ठोक कापड दुकानाची, याच जुन्या जालन्यात, आता जिथे त्याचं दुकान आहे तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या गावाहून, धावड्याहून, भोकरदनमार्गे येणारी पहिली एसटी धरून मायलेक यायची. बाप अप्पाराव दुसऱ्याच्या शेतावर साल धरून होता, त्याला कुठलीच सवड नसायची. माय मात्र बाजार करायची. झुंबरशेठकडून कापडाच्या ताक्यांचे उरलेले तुकडे, कटपीस, वजनावर घ्यायचे, घरी नेऊन धुऊन, ताणून, चौकोनी करायचे, आणि आठवडी बाजारात गोणपाटावर मांडायचे. कुणाचं पोलकं, कुणाच्या लेकराचं झबलं, कुणाच्या गोधडीचा काठ त्यातून निघायचा. मिथुनचं काम रंग लावण्याचं. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही उठून दिसतात, हे त्याला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. आणि बायका कापड डोळ्यांनी घेत नाहीत, अंगठ्याने घेतात, हेही. माय त्यांना सांगायची, हात लावून बघ बाई, चुरगाळून बघ, घेतलंच पायजे असं न्हाई. पुढे त्याने सगळ्या दुकानांच्या दारावर हेच लिहून घेतलं, हात लावून बघा. जाहिरात करणाऱ्या पोरांना वाटलं, साहेबांना हे पुण्यामुंबईत सुचलं.

पण झुंबरशेठच्या दुकानात मायला हात लावून बघायच्या आधी बसावं लागे. शेठ पांढऱ्या गादीवर असायचे, पुढ्यात पितळी मुठीची कात्री. नव्या कापडाच्या खळीचा वास पायरीपर्यंत यायचा, गोडसर, जरासा नाकात चढणारा. मिथुनला तो वास आजही आला की आधी भूक लागते. शेठ वर न बघता म्हणायचे, बस बाई, बोहनी होऊ दे. आवाजात राग नसायचा, तुच्छताही नसायची, असली तरी ऐकू यायची नाही. माय बसायची. ऊन सरकत सरकत पायरीवर यायचं. मग कुणी लग्नाची खरेदी करणारं, कुणी खेड्यातला दुकानदार यायचा, ताका उलगडला जायचा, कात्री चालायची, आणि शेठ म्हणायचे, हां बाई, ये आता. एकदा त्याने विचारलं होतं, माय, आपण कामून बसतो? ती लगेच म्हणाली होती, "आपलं तुकड्याचं काम हाय ना बाबा. पहिली कात्री ताक्याला लागावं लागती. चिंध्यांनी दुकान उघडलं तर दिवस खराब जातो." कारण चोख होतं, धंद्याचं होतं, त्याला ते पटलं होतं. इतकं की खेळताना तोही बहिणीला बसवून ठेवायचा.

मग एक सकाळ आली. ते दोघं पायरीवर होते आणि अंबडकडचा एक माणूस आला, डोक्यावर टोपी, खांद्यावर रिकामं पोतं. तोही आठवडी बाजार करणारा. त्याने कटपीस मागितले आणि शेठनी लगेच तराजू ओढला. मिथुनने मायकडे बघितलं. माय त्याचं नाक पुसायला लागली, नाक गळत नव्हतं तरी जोरात पुसायला लागली. एवढंच झालं. पण ती सकाळ मिथुनच्या डोक्यात इतकी वर्षं उलटीसुलटी होत राहिली. त्या माणसाच्या आधी बोहनी झाली असेल का? ते दोघं यायच्या आधीच एखादं गिऱ्हाईक येऊन गेलं असेल का? पण मग शेठनी मायला का नाही बोलावलं? विसरले असतील. कात्री गादीवर सरळ होती, अजून न चाललेली, की कापून टाकलेली तिरपी? त्याला कधी ती सरळ आठवते, कधी तिरपी. शेठचं मन त्या कात्रीवरून ओळखता येईल असं त्याला वाटायचं, आणि कात्री तर आठवणीत एका जागी राहत नाही. चिंध्यांमुळे बसवलं की आपल्यामुळे, हे कुणी एकदा सांगून टाकलं असतं तर तो कदाचित दुसराच माणूस झाला असता. साधा, पेरू न हुंगता खाणारा.

गच्चीवर ऊन तापलं होतं. त्याने पुन्हा कल्याणचा हात बघितला. तळवा वाकडा होतो, खाली येतो. थांबा म्हणतोय. दुसऱ्यांदा अगदी स्पष्टच थांबा म्हणतोय. आता त्याला कल्याणच्या बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या, संशयाला अशा वेळी कशाची वाण पडत नाही. कल्याण मूळचा कुंभार पिंपळगाव या गावचा, कारभारी नावाचा त्याचा बाप तिथला जुना जमीनवाला शेतकरी. पोरगा हुशार, हसतमुख, गिऱ्हाइकाशी आर्जवाने बोलणारा. मिथुनने त्याला हाताखाली वाढवला आणि सगळ्यात मोठं दुकान दिलं. पण मागे एकदा त्याला घरी जेवायला थांबवलं तेव्हा तो म्हणाला होता, सर, आज उपवास आहे. त्या दिवशी वार कोणता होता? गुरुवार असेल तर ठीक. बुधवार असेल तर? चहा मात्र घेतला होता. अर्धा ठेवला होता की पूर्ण? पूर्ण घेतला असावा, पण कप खाली ठेवताना तो हसला होता, आणि ते हसणं आता मिथुनला नीट आठवेना.

संध्याकाळ व्हायच्या आत तो दुकानात पोहोचला. कुंडलिकेच्या पुलावरून जाताना त्याने ड्रायव्हरला गाडी हळू घे म्हणून सांगितलं, आणि मग एवढी हळू का घेतोस म्हणून त्याच्यावर चिडला. गल्लीत रिक्षा आणि मोटारसायकली एकमेकींत अडकल्या होत्या. धान्याच्या पोत्यांवर माणसं बसली होती. झुंबरशेठच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं, पायरी फोडून फरशी बसवली होती. 'दीपमाला'च्या दारात पायपुसणं होतं, स्टूल नव्हता. आत माणसं कापड चुरगाळून बघत होती. मिथुनने कल्याणला मागच्या गोदामात बोलावलं आणि दार लोटलं. कार्टनांच्या मध्ये दोघं उभे राहिले.

"सकाळी माझी आई आली होती."

कल्याणच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. मिथुनने ते बरोबर टिपलं. "हो सर."

"तुला माहीत होतं ती कोण ते?"

"आजींना कोन वळखत न्हाई सर. उद्घाटनाला पाहिल्तं मी त्यान्ला."

म्हणजे माहीत होतं. न ओळखता बसवलं असतं तर एक अपमान होता, ओळखून बसवलं हा दुसराच निघाला. मिथुनला आतून गार वाटायला लागलं. "मग दाराबाहेर का बसवलं?"

कल्याणने कार्टनवरची चिकटपट्टी नखाने उचलायला सुरुवात केली. "स्टूल मीच दिला सर."

"ते मी बघितलं. आत का नाही घेतलं?"

"राहू द्या ना सर. चुकलं माझं."

"बोहनी पाळतोस?"

"आमच्या घरी पाळतात." मग तो घाईने म्हणाला, "पर तसं न्हाई सर..."

"तसं नाही म्हणजे कसं?"

कल्याण गप्प झाला. त्याला काही सांगायचं होतं हे दिसत होतं, आणि तो सांगत नव्हता हेही दिसत होतं. मिथुनने आयुष्यभर अशा गप्प बसण्याचा एकच अर्थ लावला होता. झुंबरशेठला त्याने कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि समोरचा माणूस त्याच्याकडे न बघता चिकटपट्टी सोलत होता. "उद्यापासून येऊ नको," मिथुन म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण वर न बघता बोलल्यासारखा निघाला. कल्याणने चाव्या खिशातून काढून कार्टनवर ठेवल्या. दारापाशी थांबून तो म्हणाला, "आजींना काही बोलू नका मात्र," आणि गेला. ही शेवटची मखलाशी मिथुनला सगळ्यात जास्त लागली.

घरी आल्यावर त्याला उगाच हलकं वाटत होतं. माय सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, सकाळचं कापड मांडीवर पसरून बेतत होती. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांना तिने सकाळीच निळी फुलं वाहिली होती. तो तिच्याजवळ बसला आणि लहानपणी परीक्षेचे मार्क सांगायचा तशा आवाजात म्हणाला, "त्या कल्याणला काढून टाकलं, माय."

"कोन्त्या?"

"तुला दारात बसवणाऱ्या."

बेबीनंदाबाईंच्या हातातली मोजपट्टी खाली पडली. "आरं, त्यो कुठं बसवत व्हता? त्यो तर आत चला, आत चला म्हनून हात दाखवून राह्यल्ता. मीच म्हनले, बाबा, तू मला इथंच काहीतरी बसायला दे."

"मंग त्यानं मला सांगितलं का नाही?"

"मीच म्हनले व्हते, साहेबाला सांगू नको. लागंल त्याला." तिने कपाळावर हात मारला. "माझ्या शब्दाला राह्यला बिचारा, अन तू त्याच्या पोटावर पाय दिला."

मिथुनला फोन काढायचीही गरज वाटली नाही. तो हात त्याला पाठ झाला होता. तळवा वाकडा होतो, खाली येतो. आत चला. पुन्हा वर होतो. चला ना आजी. तोच हात, तीच पाठ. बोट न लावता चित्र बदललं होतं. "पण तू का बसली, माय?" तो म्हणाला. "दुकान तुझ्या लेकाचं."

"म्हनून तर बसले. नवं दुकान हाय, आधी कोनी चांगलं मानूस येऊन जाऊ दे म्हनलं."

"चांगलं म्हणजे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा प्रश्न त्याने विचारू नये. "आता तुला का सांगू मी? तुला कळत न्हाई का?"

"माय, समोर बाबासाहेब हायत. तू रोज वंदना म्हनती. देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले, अन हे?"

"देव सोडले की. सासू असताना सोडले, किती तोंड सोसलं तवा. पर बोहनी काय देवाची हाय? ती धंद्याची हाय." मग ती पट्टी उचलून पुन्हा कापडावर ठेवत, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "अन तू बी पाळतोच ना."

"मी?"

"भोकरदनला पहिलं दुकान उघडलं तवा झुंबरशेठला गाडी पाठवून आनलं. त्याला पहिला रुमाल घ्यायला लावला. परतूरला त्या डॉक्टरची बायको. अंबडला त्यो रस्ते बांधनारा गुत्तेदार. ह्या दुकानाला बी कोनीतरी जाडे गृहस्थ आल्ते बघ, सफारीतले. मी म्हनले, माझ्या लेकाला धंदा कळतो. त्यानं इचार करूनच ठेवलं असंल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मिथुनला काहीतरी बोलता आलं असतं. ती खरंच त्याच्या धंद्याच्या अकलेचं कौतुक करत होती. त्याला भोकरदनचं उद्घाटन आठवलं. झुंबरशेठ म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. त्यांच्या हातात रुमाल देताना, त्यांनी पाकीट उघडताना, त्याला वाटलं होतं की पायरीचा हिशोब मिटला. आता तुम्ही माझ्या दुकानातून घ्या. त्या वेळी माय कुठे होती? मंडपात. मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, दीपमालाशेजारी, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. नंतर प्रत्येक दुकानाला तो वजनदार माणूस शोधत राहिला, फोटो चांगला येतो म्हणून, बातमी छापून येते म्हणून. ही सगळी कारणं चोख होती, धंद्याची होती. मायला बोलवावं असं एकदाही मनात आलं नाही. न येणं हे साधं विसरणं होतं का? जगातल्या प्रत्येक माणसाच्या विसरण्यावर त्याने संशय घेतला होता, त्यातून हे एक सुटलं होतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचीही खात्री पटेना.

त्याने कल्याणला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर उचलला. मिथुन म्हणाला, चूक माझी झाली, उद्या दुकानात ये. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "येतो सर," कल्याण म्हणाला, "सकाळी घरी जाऊन येतो, दुपारपर्यंत पोचतो. पर एक इचारू? तुम्ही मला काय समजलात?" मिथुन उद्या येणाऱ्या मालाबद्दल बोलायला लागला. कल्याणने ते ऐकून घेतलं आणि बरं सर म्हणून फोन ठेवला.

सकाळी मिथुनने स्वतः शटर उघडलं. माय बरोबर होती, नको नको म्हणत गाडीत बसली होती. गल्ली नुकती जागी होत होती. उंबऱ्यापाशी तिचा पाय अडला, तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि ती आत आली, चपला हातात घेऊन. "घाल ना माय, चपला." तिने घातल्या. कापडाच्या काउंटरपाशी जाऊन ती उभी राहिली. तयार कपड्यांच्या जमान्यात हा काउंटर ठेवू नका असं हिशोब बघणारे दर वर्षी सांगतात, पण मिथुनने प्रत्येक दुकानात तो ठेवला आहे. ती ताक्यांकडे बघत होती, हात लावत नव्हती. एवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले, कडक इस्त्रीतले, हातात गाडीची किल्ली. "एक पांढरा टॉवेल द्या, जल्दी आहे." आणि माय बाजूला झाली. कुणी सांगितलं नाही, कुणी हात दाखवला नाही. ती पाणी उताराला जातं तशी सरकली आणि भिंतीला लागून उभी राहिली. त्याच क्षणी मिथुनच्या छातीतून श्वास सुटला. सुटकेचा श्वास होता तो. चला, बरं झालं, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणालं, आणि ते त्याने ऐकलं. इतकी वर्षं तो ज्याला झुंबरशेठच्या गादीवर, कल्याणच्या पाठीत, अर्ध्या राहिलेल्या चहात शोधत होता, तो इथे बसला होता, त्याच्याच शर्टाच्या आत.

"दादा, दोन मिनिटं बसा," तो म्हणाला. त्याने काउंटरखालून लाकडी स्टूल काढला आणि गृहस्थांपुढे ठेवला. "आधी यांचं व्हायचंय."

"अहो, मला फक्त टॉवेल..."

"बसा ना."

गृहस्थांनी आधी त्याच्याकडे आणि मग पांढऱ्या लुगड्यातल्या म्हातारीकडे बघितलं. आपल्याला का बसवलं जातंय, हे त्यांना कळेना. त्यांच्या डोळ्यांतला तो भाव मिथुनला पुरता ओळखीचा होता. ते बसले.

"आरं, दे ना त्यान्ला," माय पुटपुटली. "मला काय घाई हाय?"

"कोन्तं कापड, माय?"

तिने टोपलीकडे बोट केलं. काउंटरच्या टोकाला उरलेल्या तुकड्यांची टोपली होती. "त्यातला दे एखादा." मिथुनने ऐकलं नाही. त्याने फळीवरून नवा ताका काढला, जांभळा, अजून कागद न फाडलेला. कागद फाडला. खळीचा गोडसर वास आला. "ताका नको मोडू रे," ती म्हणाली. "मोडतो," तो म्हणाला आणि कापड तिच्यापुढे ढकललं. तिने अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ते चुरगाळलं. मग त्याने कात्री घेतली. कित्येक वर्षांत त्याने कात्री धरली नव्हती. कापड कापताना तो करकर आवाज सगळ्या दुकानात भरला. "तिरपी गेली बघ," माय म्हणाली. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून काउंटरवर ठेवले, मिथुनने ते कपाळाला लावून गल्ल्यात टाकले, आणि गृहस्थांना टॉवेल दाखवला.

मायला गाडीतून घरी पाठवून तो दुकानातच थांबला. दुपारी कल्याण आला, मानेने नमस्कार केला, कार्टनवरच्या चाव्या उचलल्या आणि कामाला लागला. दोघं एकमेकांशी फक्त मालाबद्दल बोलले. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. मधे थोडा वेळ कुणीच आलं नाही तेव्हा मिथुन दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मग एक घोळका आला आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला. मग एका बाईने खूप साड्या उलगडायला लावल्या आणि काही न घेता गेली, तेव्हा तो तिच्या पाठीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. रोजच्यासारखाच दिवस होता. रोजच्यासारखाच आहे हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि इतक्यांदा सांगावं लागत होतं यावरून त्याला काय समजायचं ते समजत होतं.

दिवेलागणीला मायचा फोन आला. "कसा गेला रे दिवस?"

"चांगला गेला, माय."

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो."

"बरं," ती म्हणाली. पाय दुखत होते म्हणाली होती, त्याच आवाजात. तिचा विश्वास बसला नव्हता.

"उद्या बी ये," तो म्हणाला. "गाडी पाठवतो. परवा बी ये."

"रोज रोज कामून?"

"तुझा इश्वास बसेपर्यंत."

पलीकडे कापडावर कात्री चालल्याचा आवाज आला.

"माझा का तुझा?" माय म्हणाली.

फोन कानाशी धरून मिथुन दाराकडेच बघत होता, आता कोणतं गिऱ्हाईक येतं म्हणून.